खोलीत हजर

बूम गेट वर गेलं तरी देवयानीने गाडी हलवली नाही. हॉस्पिटलच्या कार पार्कच्या तोंडाशी, पाय ब्रेकवर ठेवून ती बसून राहिली आणि डॅशबोर्डवर अडकवलेल्या फोनच्या पडद्यावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ईवन मकरे. मागच्याने एकदा हॉर्न दिला, मग दोनदा दिला, मग उतरून येऊन काचेवर टकटक केली. “यू राइट, मेट?” सॉरी, ऑल गुड, असं काहीतरी ती पुटपुटली, पण तोवर गेट खाली आलं होतं आणि कार्ड पुन्हा टेकवावं लागलं. चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. इंजिन बंद केल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपले दात एकमेकांवर घट्ट बसलेत आणि जबडा ठणकतो आहे. बारा वर्षं या माणसाच्या नावाने ती बोटं मोडत आली होती, आणि आज सकाळी पावणेआठला तो स्वतःहून तिच्या इनबॉक्समध्ये येऊन उभा राहिला होता.

मेल प्रशासनाकडून आलेली, कोरडी. डॉ. ईवन मकरे, वय एकोणसाठ, इमर्जन्सी फिजिशियन, साडेतीन वर्षं प्रॅक्टिसबाहेर. नियमानुसार स्वतंत्र काम सुरू करण्याआधी तीन महिने कुणाच्या तरी देखरेखीखाली काढणं आवश्यक. दोन विभागांनी जागा नाही म्हणून कळवलं आहे. विभागप्रमुख म्हणून तुमची तयारी आहे का? उमेदवाराने स्वतः तुमचं नाव सुचवलं आहे. उमेदवार! तिला एकटीलाच गाडीत हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं हे तिचं तिलाच कळलं. एके काळी त्या शब्दाच्या जागी तिचं नाव होतं आणि सुपरवायझरच्या जागी त्याचं. तिने तिथेच, सीटबेल्टही न सोडता, उत्तर लिहिलं. आनंदाने. फक्त तेवढा एक शब्द, आणि खाली सही.

सिडनीपासून दूर, देशाच्या पश्चिम टोकाकडे, कालगुर्लीहून दोन तास उत्तरेला, लाल मातीत आणि माश्यांत, हॅरिएट वेल नावाचं खाणीचं गाव आहे. तिथलं बारा खाटांचं हॉस्पिटल म्हणजे ईवन मकरेचं राज्य होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा कोळ्यांच्या गावातला तो मुलगा, ॲबर्डीनला डॉक्टर झाला, तिशीत इकडे आला आणि राहिला. सहा फूट, तांबूस दाढी, आवाज असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला तर या टोकाच्या पेशंटला जाग यायची. पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात पाच वर्षं घासून, परीक्षांमागून परीक्षा देऊन देवयानी तिथे पोचली, तेव्हा पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, “इथे सर-बीर कुणी नाही. मी ईवन.” तिला ते काही जमलं नाही. सरांना सर म्हणायचं, सर दारातून आत आले की उठायचं, सरांनी ‘कर’ म्हटल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. ती ‘सर’ म्हणायची आणि तो दर वेळी डोळे मिटून कळवळल्यासारखं करायचा. खरं तर त्याला ते आवडायचं, असं तिला आजही वाटतं. आवडत नसतं तर दुसऱ्या महिन्यापासून तिच्या चहाच्या कपाकडे बोट दाखवून ‘मलाही एक’ असं तो म्हणाला नसता.

मग तो रविवार. जानेवारीतली दुपार, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि गावातल्या एकुलत्या एका पबमध्ये संडे सेशनचं गाणं-बजावणं. ऑन-कॉल ईवन. हॉस्पिटलात देवयानी आणि एक सिस्टर. खाणीच्या रस्त्यावर एक यूट, मागे उघडी असलेली पिकअप गाडी, उलटली आणि त्यातला डॅनी नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा आणला गेला. बोलत होता. “डॉक, मला श्वास पुरत नाहीये,” एवढं चांगलं बोलत होता. मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ निळे होत चाललेले, छातीची उजवी बाजू हलत नव्हती. आत हवा कोंडली होती आणि फुफ्फुसाला, हृदयाला दाबत होती. उपाय एकच, मिनिटभराचा. बरगड्यांच्या मधून जाड सुई घालायची आणि ती हवा सोडून द्यायची. देवयानीने ते पुण्यात सहा वेळा केलेलं होतं. सहाही वेळा मागे सर उभे होते. तिने सुई हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. सिस्टर म्हणाली, “डॉक्टर, जस्ट डू इट.” तिसऱ्यांदा त्याने उचलला. मागे गिटार, माणसांचा गलका, आणि त्याची जड झालेली जीभ. “थांब. हात लावू नकोस. आलोच मी.” ती थांबली. घड्याळात नऊ मिनिटं झाली. तो आला तेव्हा डॅनीचं हृदय बंद पडलेलं होतं, आणि त्याच्या छातीवर दाब देताना देवयानीच्या नाकात, बाजूला उभ्या असलेल्या सरांच्या श्वासातला बिअरचा वास येत होता.

त्या संध्याकाळी जो अहवाल तिला लिहावा लागला, त्यात तिने बिअर लिहिली नाही. दोनदा बंद पडलेला फोन लिहिला नाही. ‘वरिष्ठांना फोनवर कळवलं’, एवढंच लिहिलं. का? कुणी सांगितलं नव्हतं. सरांचं नाव कागदावर आणायचं नसतं, हे कुणी सांगावं लागतच नाही. सर आपल्याला सांभाळून घेतात आणि आपण सरांना. तिने तिचा अर्धा भाग मुकाट्याने पार पाडला आणि सर उरलेला पार पाडतील याची वाट बघत बसली. दहा दिवसांनी त्याने तिचा सुपरवायझरचा अहवाल लिहिला. त्या फॉर्ममध्ये एक चौकट असते. घटनेच्या वेळी सुपरवायझर कुठे होते? पर्याय तीन: खोलीत हजर, फोनवर तात्काळ उपलब्ध, अनुपलब्ध. ईवन मकरेने मधल्या पर्यायावर टिक केलं होतं. आणि खाली, ठसठशीत: ‘मेहनती आहे, ज्ञान उत्तम. पण सांगितल्याशिवाय करत नाही. हिच्या मागे कुणीतरी उभं असेल तरच ही सुरक्षित आहे.’ मेडिकल बोर्डाने तिचा देखरेखीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. त्याच गावात.

लोकांना वाटतं दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं. तिच्या नवऱ्याला, यतिनला, तेव्हा नुकतीच सिडनीत नोकरी लागली होती. ठरलं होतं की सहा महिन्यांत देवयानी येईल, म्हणून चार वर्षांच्या मुलीला, मयूराला, घेऊन तो पुढे गेला. सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली. हॅरिएट वेलचं घड्याळ सिडनीपेक्षा दोन-तीन तास मागे. देवयानीची शिफ्ट संपून ती फोन लावायची तेव्हा मयूरा झोपलेली असायची. यतिन फोन तिच्या उशाशी धरायचा. अंधुक पडद्यावर एक गाल आणि थोडे केस. त्या अडीच वर्षांत पोरीने सायकल शिकली, पहिला दात पाडला, मराठीतून इंग्रजीत गेली, आणि काही लागलं, दुखलं, घाबरायला झालं की बाबाकडे धावायचं हे कायमचं शिकली. आता ती सोळाची आहे. मागच्या महिन्यात शाळेत नेटबॉल खेळताना घोटा मुरगळला. शाळा देवयानीच्या हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर. कुणीतरी मैत्रिणीच्या आईने कळवलं म्हणून हिने फोन केला, तर पलीकडून: “मम, इट्स फाइन. डॅड इज ऑलरेडी ऑन हिज वे.” डॅड शहराच्या दुसऱ्या टोकाहून ट्रॅफिकमध्ये अडकत येत होता. देवयानी, इमर्जन्सी विभागाची प्रमुख, तिच्या केबिनमध्ये फोन हातात धरून बसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर आलं ते ईवन मकरेचं ठसठशीत अक्षर.

मधल्या काळात तो एकदा भेटला होता, पण फोटोत. तीन वर्षांपूर्वी ट्रेनमध्ये, वेस्टमीड स्टेशन यायच्या आधी, कुणीतरी ग्रुपवर बातमी टाकली. खेड्यातला स्कॉटिश डॉक्टर ब्रह्मदेशाच्या जंगलात. तीन आठवड्यांसाठी सीमेवरच्या दवाखान्यात शिकवायला गेला होता, तिथेच राहिला. लष्कराच्या विमानांनी दवाखाना उडवला, आतले सतरा पेशंट गेले, त्यात त्याने आदल्या दिवशी ऑपरेशन केलेली दोन मुलं. त्यानंतर त्याने क्रांतिकारकांची वर्दी चढवली आणि बंदूक घेतली. फोटोत गुडघाभर चिखल, खांद्याला रायफल, दाढी पांढरी. ग्रुपवर सगळ्यांनी सलाम ठोकले. हॅट्स ऑफ. रिअल हीरो. शाळेच्या पुस्तकात मंडाले म्हणजे तुरुंग, एवढीच देवयानीची त्या देशाशी ओळख; तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही पश्चात्ताप वगैरे दिसतो का ते बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, हा मरू नये. मेला तर याचा पुतळा होईल. याने जिवंत परत यावं, आणि याच्या हातातली विद्या कुणीतरी याच्यासमोर तपासून बघावी. स्टेशन निघून गेलं होतं. ती पुढच्या स्टेशनला उतरून उलटी आली.

“देवू, सोड ना आता,” मेल आली त्या दिवशी संध्याकाळी यतिन भांडी डिशवॉशरला लावता लावता म्हणाला. “माणूस युद्धावरून आलाय. आणि तू डिरेक्टर आहेस. तू जिंकलीस ऑलरेडी.”

“मी कुठे काय म्हणतेय? मी त्याला जागा दिली. आनंदाने.”

“हाच तुझा ‘आनंदाने’ मला घाबरवतो.” त्याने ताट उलटं लावलं, काढलं, सुलटं लावलं. “तू त्याचं वाटोळं करणार आहेस का?”

“मी फक्त खरं लिहिणार आहे. त्याने लिहिलं तसं.”

तो आला तो मार्चच्या पहिल्या सोमवारी, वेळेच्या दहा मिनिटं आधी. हात पुढे केला. उजव्या हाताला तीनच बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं नाही. देवयानीने ती तीन बोटं व्यवस्थित दाबून हातात घेतली. तो वाळला होता. आवाज मात्र आता कॉरिडॉर सोडा, टेबलाच्या पलीकडेही जेमतेम पोचत होता. “थँक यू फॉर हॅविंग मी,” असं तो म्हणाला आणि मग, तिने खुर्ची दाखवेपर्यंत, उभा राहिला. उभा राहिला! तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पहिले दोन आठवडे ती त्याच्याशी इतकी गोड वागली की नर्सेस आपसांत बोलू लागल्या. ती रोज त्याच्या मागे उभी राहायची, हात छातीशी बांधून, दीड मीटरवर. त्याचं चुकेल याची वाट बघत. आणि त्याचं चुकत नव्हतं. तीन बोटांनी तो टाके घालायचा ते इतके नीट, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हाताऱ्या बायका त्याचा हात धरून बसायच्या. ‘सगळं समाधानकारक’ या चौकटीवर तिला दर शुक्रवारी टिक करावं लागायचं आणि दर शुक्रवारी तिचं डोकं दुखायचं.

तिसऱ्या आठवड्यात तिला ते सापडलं. हॉस्पिटलच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरतं, दिवसातून एकदा-दोनदा. लांबून पंख्यांचा आवाज येऊ लागला की ईवन थांबायचा. हातात जे असेल ते तसंच धरून. डोळे उघडे, पण समोरचं दिसत नसलेले. दोन सेकंद, तीन सेकंद. मग आवाज वरून सरकला की पुन्हा सुरू. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. लक्षात येण्यासाठी त्या माणसावर बारा वर्षं नजर ठेवलेली असावी लागते. तिने वहीत तारखा टिपून ठेवायला सुरुवात केली. तिला आतून एक थंड, स्वच्छ समाधान वाटू लागलं. खोटं काही लिहायचं नव्हतं. ज्याचा हात असा मध्येच थांबतो, तो एकटा सोडण्याजोगा नाही. त्याच्याच शब्दांत, त्याच्या मागे कुणीतरी उभं असेल तरच तो सुरक्षित आहे. ते वाक्य तिने मनातल्या मनात इतक्या वेळा लिहिलं, की एकदा भाजी घेताना ‘पिशवी द्या’ म्हणायच्या ऐवजी तेच तोंडातून बाहेर पडेल अशी तिला भीती वाटली.

त्याच दिवसांत सुखदाचाही अहवाल द्यायचा होता. सुखदा सांगलीची, तेहतीस वर्षांची, सात महिन्यांपूर्वी आलेली, हुशार, पण प्रत्येक गोष्टीला “मॅडम, करू का?” “डोस देऊ का, मॅडम?” देवयानी खोलीत आली की खुर्चीवरून उठायची. देवयानीला त्या उठण्याचा भयंकर राग यायचा. का यायचा हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. “सुखदा, यू आर अ डॉक्टर. मला कशाला विचारतेस?” “हो मॅडम. सॉरी मॅडम. म्हणजे, मग देऊ ना?” बुधवारी देवयानीने तिचा फॉर्म भरून ठेवला, शुक्रवारी पाठवायचा म्हणून. मेहनती आहे, ज्ञान उत्तम, वगैरे वगैरे. भरताना तिचं लक्ष दुसरीकडेच होतं, हेलिकॉप्टरच्या तारखांकडे.

गुरुवारी चहाच्या खोलीत ईवन एकटा होता. ती आत गेली तर त्याने न विचारता किटलीत तिच्यासाठीही पाणी टाकलं. तिला वाटलं, हा आता जंगलातल्या गोष्टी सांगणार, आणि आपल्याला त्या ऐकाव्या लागणार. सांगितलीच त्याने एक. चकमकीनंतर तो पुढे गेला, तर त्यानेच गोळी घातलेला सैनिक जिवंत होता. विशीतला. छाती एका बाजूने हलत नव्हती, ओठ निळे. “सुई माझ्या खिशात होती. नेहमी असायची. पण शत्रूच्या माणसाला औषध द्यायचं की नाही, हे आमचा कमांडर ठरवायचा. मी वळून कमांडरकडे बघत बसलो. तो रेडिओवर बोलत होता. मी थांबलो.” कपातल्या टीबॅगची दोरी तो तीन बोटांनी गुंडाळत होता. “मी तुला तेव्हा ओळखलं, देवयानी. त्याआधी नाही.”

तिला संताप आला. अगदी कानशिलं तापली. वा रे वा! हिच्या पोरीची अडीच वर्षं गेली, डॅनी गेला, तो कोण कुठला सैनिक गेला, तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि त्यासाठी बंदूक घेऊन ब्रह्मदेशापर्यंत जावं लागलं. हॅरिएट वेलच्या कॉरिडॉरमध्ये एकदा विचारलं असतं तर तिने फुकट सांगितलं असतं.

“तुला तो फॉर्म आठवतो?” तिने विचारलं. नाही म्हण, असं तिला आतून फार वाटत होतं. तो विसरला असता तर तिचा राग तिच्याकडे नीट, अख्खा राहिला असता.

“तो टिक आठवतो,” ईवन म्हणाला. “मी फोनवर उपलब्ध नव्हतो. मी दारू पीत होतो. तू ते कुणाला सांगितलं नाहीस, आणि मला वाटलं, ठीक आहे, सुटलो.” मग तो म्हणाला, “सॉरी.” इथे ट्रेनमध्ये पिशवी घासली तरी लोक सॉरी म्हणतात. देवयानीने कप सिंकमध्ये ठेवला, चहा तसाच, आणि ती बाहेर पडली.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता छपरावर सोलर पॅनल बसवताना पडलेला माणूस आला. चाळिशीचा, अंगावर कामगारांचा झगझगीत भगवा शर्ट, त्याच्या बायकोला कुणीतरी बाहेर बसवून ठेवलेलं. ईवन उजव्या बाजूला, सुखदा डाव्या, देवयानी ईवनच्या मागे, हात छातीशी बांधून. शर्ट कापला आणि तिघांनाही एकाच वेळी दिसलं. उजवी बाजू हलत नव्हती. मानेच्या शिरा. ओठ. “सुई,” ईवन म्हणाला. ती आली, त्याने बरगडी चाचपली, जागा अचूक, आणि तेव्हा लांबून पंख्यांचा आवाज आला. त्याचा हात थांबला. भिंतीवरच्या घड्याळात लाल आकडे सेकंद मोजत होते. एक. दोन. तीन. नेहमी इथे सुरू व्हायचा. आज आवाज गच्चीवरच घुटमळत राहिला आणि तो सुरू झाला नाही. चार. आपण दोन पावलं पुढे जायला हवं, हे देवयानीला स्पष्ट कळलं. पाच. तिचे पाय हलले नाहीत. तिने ते हलवले नाहीत. सहा. याहून चांगली संधी येणार नाही, असा विचार तिच्या मनात शब्दांसकट आला. सात. थांब, अजून थोडं होऊ दे, दहा झाले की कुणीच नाकारू शकणार नाही. आठ. पेशंटचे डोळे तिच्याकडे वळलेले होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे. “मॅडम?” सुखदा म्हणाली. नऊ. दहा. “मॅडम, करू का?” अकरा. बारा. सुखदाने तिच्याकडे एकदाच, नीट बघितलं. तिला काय दिसलं कोण जाणे. ती वाकली, “सॉरी सर” म्हणाली, ईवनच्या तीन बोटांतून सुई काढून घेतली आणि चौदाव्या सेकंदाला आत घातली. फुस्स करून हवा सुटली. माणसाने मोठ्याने, कुरूप आवाज करत श्वास घेतला. त्याचे ओठ हळूहळू ओठांच्या रंगाचे झाले.

सगळं आवरल्यावर देवयानी कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसली. त्या बाकावर बसून ती हिशेबाने स्वतःला समजावत होती, की चौदा सेकंदांनी काही बिघडत नाही, डॅनीची नऊ मिनिटं होती, माणूस वाचला, शिवाय ती सुपरवायझर, तिने हात घालायचाच नसतो. सगळं बरोबर होतं आणि काहीही उपयोगाचं नव्हतं. नऊ मिनिटं ती घाबरून थांबली होती. हे अकरा सेकंद ती घाबरलेली नव्हती. तिला मजा येत होती. हॅरिएट वेलमध्ये सरांचं नाव कागदावर न आणणारी ती पोरगी भित्री असेल, बावळट असेल, पण ती पोरगी असं थांबली नसती. ईवन येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“किती झाले?” त्याने विचारलं.

“चौदा.”

“मला कळत होतं तू मागे आहेस. मी वाट बघत होतो तुझी.” तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, म्हणून तिला ते जास्त लागलं.

“मी मुद्दाम थांबले.”

“माहितेय.”

“तू माझं नाव का दिलंस इथे?”

“बाकीचे मला हीरो समजून सही करून टाकतील,” तो म्हणाला. “मला माहीत नव्हतं माझा हात कितपत भरवशाचा आहे. वाटलं, ती नाही सोडणार. ती बघेल.” त्याने उरलेल्या बोटांनी डोळे चोळले. “तर लिही. लिहिलंच पाहिजे. मी पेशंटपाशी एकटा उभा राहण्याच्या लायकीचा नाही अजून.”

“आणि माझं?”

“ते मी कुणाला सांगणार नाही.” एवढं बोलून तो उठला आणि हेलकावत, जुन्या गुडघ्यांनी, वॉर्डाकडे गेला. देवयानी बघत राहिली. सांगणार नाही! म्हणजे ती सुटली. तिने त्याला सांभाळलं होतं, आता तो तिला सांभाळणार होता. फक्त मधे बारा वर्षं गेली. असं सुटल्यावर कसं वाटतं, हे तिला आज कळलं, आणि ते किती हलकं, किती छान वाटतं याची तिला किळस आली.

साडेतीन वाजता ती केबिनमध्ये आली. खिडकीतून उन्हं टेबलावर आली होती. आधी सुखदाचा फॉर्म उघडला, पाठवून टाकावा आणि मोकळं व्हावं म्हणून. दुसऱ्या ओळीवर तिची नजर अडकली. ‘सांगितल्याशिवाय करत नाही. हिच्या मागे कुणीतरी उभं असेल तरच ही सुरक्षित आहे.’ तिने ते बुधवारी लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने, दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत, एक शब्दही न बदलता. तिने खुर्ची मागे सरकवली. मग मागचे फॉर्म उघडले. गेल्या वर्षी इराणहून आलेला एक. त्याच्या आधीची नायजेरियाची एक. तेच वाक्य. तेच, तेच. ज्याच्यावर सूड उगवायचा तो जंगलात होता, आणि ती इथे बसून जो समोर येईल त्याच्यावर तो उगवत होती. त्या दोघांचीही मुदत वाढली होती. नायजेरियाच्या बाईला लहान मुलं होती, दोन की तीन, देवयानीने विचारलंही नव्हतं.

सुखदाच्या फॉर्ममधलं वाक्य तिने खोडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘विचारलं. उत्तर आलं नाही. तेव्हा स्वतः केलं, आणि बरोबर केलं. एकटीने काम करण्यास पात्र.’ पाठवला. त्या दोघांबद्दल बोर्डाला पत्र लिहावं लागणार होतं, ते कसं लिहायचं हे तिला अजून माहीत नव्हतं. तिने दोघांची नावं एका चिठ्ठीवर लिहून ती कीबोर्डला चिकटवली.

मग ईवनचा. घटनेच्या वेळी सुपरवायझर कुठे होते? तिने पहिल्या चौकटीवर टिक केलं. खोलीत हजर. खाली लिहिलं, ‘हेलिकॉप्टरच्या आवाजाने डॉ. मकरे यांचा हात चौदा सेकंद थांबला. अशी घटना यापूर्वी सहा वेळा, तारखा सोबत. उपचार आणि अधिक काळ देखरेख आवश्यक.’ हे लिहिताना तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि ती ते स्वतःपासून लपवू शकली नाही. राग कुठे गेला नव्हता. तो तिथेच, जबड्यात, बसलेला होता. तिने पुढे लिहिलं, ‘यातले अकरा सेकंद सुपरवायझर दोन पावलांवर असून, समजत असून, पुढे झाल्या नाहीत.’ फॉर्म तिथे संपला नाही. दिरंगाई नोंदवली की खाली आपोआप एक नवी चौकट उघडते, आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण? साधनांचा अभाव, मनुष्यबळाचा अभाव, इतर. इतर असल्यास स्पष्ट करा.

फोन थरथरला. मयूरा. “मम, आर यू कमिंग होम ॲट फाइव्ह ऑर व्हॉट?” देवयानीने तो उलटा ठेवला. हे पाठवल्यावर विभागप्रमुखाच्या खोलीत ती किती दिवस बसेल, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. चौकटीत कर्सर लुकलुकत होता. तिने ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. वाचलं. ‘फोनवर तात्काळ उपलब्ध’च्या जातीचा शब्द होता तो. तिने तो खोडला, आणि जे होतं ते लिहिलं.

सूड.

आणि पाठव दाबलं.